बोललेले नवस

परवा इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, फेस्ताला भरलेल्या फेरीत नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, इवली माणसं विकायला मांडली होती. उन्हानं मेण मऊ झालं होतं. त्या वासासरशी मी डिचोलीतल्या एका जुन्या सकाळी जाऊन पोचले.

खनिजाचा ट्रक चालवणारा माझा दादा तापानं गेला, त्याचं बारावं नुकतंच झालं होतं. तो अंथरुणावर असताना आईनं देवळात, इगर्जीत आणि दर्ग्यात नवस बोलले होते. त्या सकाळी ती तिन्हीकडचं सामान पिशवीत भरून निघाली.

"आता कशाला?" मी चिडून विचारलं.

"बोललंय, तर देऊक व्हया," ती म्हणाली. "नायतर ते वाट बघीत रवतले."

देवळात तिनं नारळ ठेवला. इगर्जीत मेणाचा माणूस ठेवला. तिच्या घट्ट मुठीत तो मऊ पडला होता आणि त्याच्या छातीवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता.

दर्ग्यात ऊद जळत होता. तिच्या हातातली हिरवी चादर पाहून म्हातारे मुजावर हसले. "बाय, पूत बरो जालो?"

आईनं चादर त्यांच्या हाती दिली. "होय. आता तेका काय्येक दुखणा नाय."

त्यांनी दोन्ही हात उचलून दादासाठी उदंड आयुष्य मागितलं. आईनं पदर पसरला.

तेव्हा मला तिचा राग आला होता. आता माझा मुलगा दादाच्या वयाचा झालाय. त्या घटकेला जगात एक माणूस तरी दादा जिवंत आहे असं समजत होता, आणि आईला ते मोडवलं नाही.