पट्ट्याचं सहावं छिद्र
काल पेटीच्या तळाशी आण्णांचा हर्नियाचा पट्टा सापडला, आणि त्याला अजून येणाऱ्या पंक्चरच्या सोल्युशनच्या वासासरशी दवाखान्यातला तो व्हरांडा आठवला. माझ्या वडिलांचं, आण्णांचं, पडेगावात सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की जांघेतल्या फुगवट्याला ऑपरेशनच लागेल, तोवर पट्टा वापरा. पण आतडं अडकलं तर काही तासांत काळं पडतं, तेव्हा थांबू नका. "तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच समजवा त्यांना." फिनेलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून पाय वर घेऊन आण्णा बाकावर बसले होते. मी म्हणालो, "टायर फाटून ट्यूब बाहेर येते ना, तसं झालंय." ते एकदम खुलले. "मंग गेटर टाकू की! आतून तुकडा लावला की फाटका टायरबी वरीसभर पळतो. पट्टा म्हंजे गेटरच, व्हय ना मास्तर? ऑपरेशन कशाला?" मी हसलो. कितीतरी दिवसांनी ते निर्धास्त दिसत होते, म्हणून आतडं अडकण्याचं घरी गेल्यावर सांगू असं ठरवलं, आणि ते राहूनच गेलं. पुढच्याच महिन्यात एका सकाळी फुगवटा आत जाईना. त्यांनी पट्टा आणखी आवळला आणि दुकान उघडलं. संध्याकाळी उलट्या थांबेनात तेव्हा आम्ही त्यांना नेलं; तिसऱ्या दिवशी ते गेले. पट्ट्याला मुळात पाच छिद्रं आहेत. सहावं ओबडधोबड आहे. ते त्यांनी त्या सकाळी दुकानातल्या टोच्यानं पाडलं, तेव्हा मी शाळेत मुलांना शिकवत होतो.