ब्रिज बनवणारे मामा

माझे मामा ब्रिज बनवतात, एवढंच लग्न ठरताना मामीच्या वडिलांच्या कानावर आलं होतं. ते स्वतः तीस वर्षं पुलांच्या कामावर मुकादम. जावई आपल्याच लाइनमधला, मग आणखी चौकशी कशाला?

लग्नानंतर पंधरा दिवसांनी ते काम बघायला आले. पायात जाड बूट, काखेत छत्री. मामांनी त्यांना दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत नेलं. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, कोपऱ्यात छोटी भट्टी.

"साइट कुठाय?"

"हीच."

"आणि ब्रिज?"

मामांनी जोडून केलेले तीन दात चिमट्यानं उचलून त्यांच्या तळहातावर ठेवले. सासरे ते उलटसुलट करून पाहू लागले. मामा घाईनं म्हणाले, "मी लपवलं नाही, बाबा. कुणी विचारलंच नाही."

"ते राहू द्या. हा मधला दात कशावर उभाय?"

"कशावरच नाही. शेजारचे दोन दात घासून त्यांच्यावर टोप्या बसवतात. मधला अधांतरी."

"म्हणजे दोन खांब, एक गाळा!" सासऱ्यांनी स्टूल पुढे ओढलं. "खालून पाणी जायला वाट ठेवता का?"

"ठेवावी लागते. नाहीतर घास अडकून हिरडी सुजते."

तेव्हापासून म्हातारबुवांना नादच लागला. चष्म्याची नाकावरची दांडीही ब्रिज, व्हायोलिनच्या तारांखालची पट्टीही ब्रिज, हे त्यांनी दुकानादुकानांत विचारून शोधलं. पत्त्यांच्या डावाला ब्रिज का म्हणतात, हे मात्र कुणालाच सांगता येईना. शेवटी ते तो डावच शिकले. "त्यात काहीच जोडत नाहीत," ते वैतागून म्हणाले, "उलट भांडणं लागतात."

एकदा एका शिक्षिकेचे सलग चार दात करायचे होते. सासऱ्यांनी जबडा हातात फिरवून पाहिला. "गाळा लांब आहे. खांब वाढवा."

मामा तसे भिडस्त. डॉक्टरांपुढे कधी ब्र काढला नव्हता. त्या दिवशी मात्र धीर करून म्हणाले, "डॉक्टर, दोन्ही बाजूंचा आणखी एकेक दात आधाराला घेऊ या."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, एक्स-रे पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "बरोबर बोलताय. कुणी सुचवलं?"

"सासऱ्यांनी. पुलांवर मुकादम होते."

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी म्हातारबुवांना चहाला बोलावलं. शिक्षिकाबाई त्या दातांनी आजही मुलांना दरडावतात.