आईचा पाट गुरुजींच्या शाळेत

मेस्त्री गुरुजींची आणि माझी पहिली भेट फळ्यासमोर झाली. कुणकेश्वरच्या अलीकडे आमची माध्यमिक शाळा. जामसंड्याहून मी तिथं विज्ञान शिकवायला नव्यानं रुजू झाले होते आणि मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनाची सूचना फळ्यावर लिहायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. मी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. ‘उपस्थित राहावे’ चांगलं की साधं ‘यावे’ चांगलं, यातच अडकले. व्हरांड्यातून जाणारे मराठीचे शिक्षक थांबले, माझ्या हातातला खडू अदबीनं मागून घेतला आणि म्हणाले, “बाई, संमेलन आज आहे.” उरलेलं वाक्य त्यांनी उभ्या उभ्या लिहून टाकलं. अक्षर चांगलंच तिरकं होतं, पण मुलं वेळेवर जमली.

तेच हे गुरुजी यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या कथासंग्रहांविषयी या गौरवग्रंथात जाणकार मंडळी लिहितीलच. मी सहकारी म्हणून एवढंच सांगेन की, दिवाळी अंकाच्या संपादकांना गुरुजींच्या कथेसाठी कधी दुसरा फोन करावा लागला नाही. एका समीक्षकांनी त्यांच्या कथांचे शेवट जरा घाईचे असतात असं लिहिलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत आम्हीच चिडलो होतो. गुरुजी मात्र चहा बशीत ओतत म्हणाले, “खरं आहे त्यांचं. पुढच्या कथेत बघू.” आणि ते पुढच्या कथेला लागलेसुद्धा. मला त्यांच्या या स्वभावाचा हेवा वाटायचा, थोडा रागही यायचा.

कारण माझं पुस्तक पुढे सरकत नव्हतं. माझे वडील जहाजावर खलाशी होते. ते गेल्यावर त्यांच्या सफरी आणि आईचं मागं राहून घर चालवणं, असं सगळं एका पुस्तकात लिहायचं मी ठरवलं. पहिलं प्रकरण लिहिलं आणि मग वर्षानुवर्षं तेच लिहीत बसले. वडील बंदरावरून निघतात तिथंच माझं गलबत रुतलेलं. कधी पहिलं वाक्य लांब वाटे, कधी सपक. घरात कुणी विचारलं की मी म्हणे, झालंच, एकदा शेवटचा हात फिरवते. तो शेवटचा हात काही संपेना.

अशातच आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईनं ते शांतपणे ऐकलं. एसटीतून परत येताना मात्र तिनं विचारलं, “कधी संपतला गो तुझा ता पुस्तक? डोळ्यांका दिसता तवसर दी माका.” मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या श्रावणात मी पहिलं प्रकरण घेऊन, पुन्हा एकदा तपासून द्या म्हणून सांगायला, गुरुजींकडे गेले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे गणपती घडवण्याच्या जागेलाही शाळाच म्हणतात. गुरुजींच्या घरची ही शाळा त्यांच्या वडिलांपासूनची. दरवर्षी गावातली माणसं आपापल्या घरचा पाट तिथं आणून ठेवतात आणि त्या त्या पाटावरच त्या घरचा गणपती घडतो. वर्गात शुद्ध मराठी बोलणारे गुरुजी या शाळेत पाऊल ठेवलं की अस्सल मालवणी होतात. कोपरापर्यंत माती लागलेली, आजूबाजूला अर्धवट गणपती, आणि मी हातात कागद धरून उभी.

माझं सगळं रडगाणं त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाट कोणाचो?”

मला कळलं नाही.

“गो बाय, पाट इल्याशिवाय मी मातीक हात लावणंय नाय. ह्या तुझा पुस्तक कोणाक होया?”

“आईक,” मी म्हटलं.

“मगे तिचो पाट घेवन ये.”

मग त्यांनी स्वतःची एक गोष्ट सांगितली. तरुणपणी एका चतुर्थीला ते एका मूर्तीचे डोळे रेखत बसले होते. उजवा डावीकडे बघतो असं वाटे म्हणून पुसायचे, पुन्हा काढायचे. ज्यांचा गणपती, ते गृहस्थ अंगणात ताटकळलेले. तिकडे त्यांच्या घरी माटवीखालची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखालची, जागा रिकामी, बायका उपाशी, भटजी वाट बघून पुढच्या घरी निघून गेलेले. शेवटी वडिलांनी गुरुजींच्या हातातला कुंचला काढून घेतला. “मेल्या, ते तुझी रेखणी बघूक येवक नाय. देवाक घरी व्हरूक इलेत.” त्या घरी पूजा झाली ती दिवस कलल्यावर. त्यानंतर आपण कुणाला अंगणात उभं ठेवलं नाही, असं गुरुजी म्हणाले, आणि हसता हसता त्यांनी माझ्या हातातले कागद पाहिले. माझी आई अंगणात कधीची उभी आहे, हे मला तेव्हा समजलं. घरी येईपर्यंत रडू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईचा जेवायला बसायचा पाट, कोपऱ्याचा टवका उडालेला, मी गुरुजींच्या शाळेत नेऊन ठेवला. तो त्यांनी इतर पाटांच्या रांगेत फळीवर मांडला. ठरलं ते असं: जे लिहून होईल ते मी त्या पाटावर आणून ठेवायचं. ठेवलेलं परत न्यायचं नाही. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळे पाट जातील तसा हाही जाईल.

मी किती कुरकुर केली ते विचारू नका. एकदा दोन पानं बदलायची म्हणून गेले, तर पानांवर हात ठेवून गुरुजी म्हणाले, “पाय सुकले. आता सोंड कर.” मी चरफडत परतले आणि पुढचं प्रकरण लिहायला बसले. गंमत म्हणजे ते झालं. त्याच्या पुढचंही झालं. मागं वळून बघायची सोयच नसल्यामुळे वडील एकदाचे बंदर सोडून निघाले, परदेशी पोचले, आजारी पडले, बरे झाले, घरी आले. इतकी वर्षं मानेवर बसलेलं काहीतरी उतरलं असं वाटलं. मी स्वयंपाक करताना गुणगुणते आहे, हे आईनंच मला सांगितलं.

आदल्या दिवशी माणसं आपापले गणपती घेऊन निघाली. माझ्या पाटावर गुरुजींनी लाल कापड झाकून दिलं आणि त्यावर स्वतःचं भिंग ठेवलं. उतारवयात ते याच भिंगातून मूर्तींचे डोळे रेखत असत. “माझी रेखणी झाली. आता आईक होया,” एवढंच बोलले. हा त्यांचा चांगुलपणा मी जन्मभर विसरणार नाही.

गणपती विसर्जन झाल्यावरही आई ते भिंग धरून खिडकीत बसलेली असे. एकेक ओळ बोटानं वाचायची. कधी हसायची, कधी पदर डोळ्यांना लावायची. शेवटचं पान उलटून तिनं मला हाक मारली. “बापाशीची पेटी हिरवी नाय गो, निळी होती.” आता सगळं पुन्हा बघायला हवं, असं मी पुटपुटले. आई म्हणाली, “रवांदे. माका वाचूक गावला मां!” पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात पेटी हिरवीच राहिली.

पुढच्या चतुर्थीला आईला गणपतीचा चेहरा दिसला नाही. मी तिला मुकुटापासून पावलांपर्यंत सांगत गेले. मन भरून आलं होतं, पण खंत नव्हती. ज्याला उशीर झाला असता, ते वेळेत झालं होतं.

गुरुजींची नजर आणि हात असेच शाबूत राहोत, चतुर्थीच्या आधी त्यांच्या फळीवर पाटांची दाटी होत राहो, आणि माझ्यासारख्या अडकलेल्या माणसांना दटावायला त्यांना भरपूर वर्षं मिळोत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. हा लेख मी आईला वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर तिनं तोच टवका उडालेला पाट काढायला लावला आणि मला पुन्हा गुरुजींकडे पिटाळलं. आता नवं पुस्तक झालं तरी तुला दिसणार नाही गं, असं म्हणाले तर म्हणते, “मगे तू वाचून दाखव. आणि गुरुजींका सांग, माझो पाट परत धाडलंय. तो भरून दिल्याशिवाय तुमी खंय जावचा नाय.”