आधी समोरच्याची बाजू

नलिनीबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती मी अगदी रडकुंडीला आलेली असताना. नागपूरहून नुकतीच अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या हायस्कुलात आले होते. थंडी मेली हाडांत शिरणारी, त्यात अमेरिकन साहित्याचा तास. तास संपल्यावर बाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं, "जेवलीस का गं?" त्या शाळेत कानावर पडलेलं ते पहिलं मराठी.

साहित्य शिकवताना बाई एक प्रश्न हमखास विचारत. "या गोष्टींत जो तो घर सोडून निघालाय. दारात उभं राहून बघणाऱ्याचं काय?" वर्ग पुस्तकात उत्तर शोधायचा. मला मात्र नागपूरच्या दारातली आजी दिसायची.

आपलं मत पटवून देणारा निबंध लिहायचा, तर बाईंचा नियम कडक होता. आधी समोरच्याची बाजू लिहायची आणि त्यालाच वाचून दाखवायची. "हो, हेच माझं म्हणणं" असं तो म्हणेपर्यंत स्वतःचा एक शब्दही लिहायचा नाही. मी हट्टाने विषय घेतला, 'आपण नागपूरला परत जावं'. समोर बाबा. त्यांची बाजू लिहिताना नाकी नऊ आले. वाचून दाखवली तर बाबा म्हणाले, "हेच. पण मलाही माझ्या आईची आठवण येते, ते राहिलं की!" आम्ही परत गेलो नाही, पण घरातली धुसफूस त्या दिवसापासून थांबली.

बर्फात बस चुकली की बाई स्वतः ड्राइव्ह करून घरी सोडत. वाटेत मी मराठीत मनसोक्त कुरकुर करायचे आणि त्या ऐकून घ्यायच्या. "वर्गात मात्र इंग्रजीतच भांडायचं हं!" असं वर बजावायच्या.

आता पंचाहत्तरी झाली की बाई कायमच्या साताऱ्याला, धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार आहेत. पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा म्हटलं, बरी संधी आहे, बाईंना थांबवायचंच! नियमाप्रमाणे आधी त्यांची बाजू लिहिली. बहिणीचा एकटेपणा, न झेपणारा हिवाळा, सकाळी उठल्यापासून मराठी बोलायची हौस. फोनवर वाचून दाखवली.

"हो गं, हेच," बाई म्हणाल्या. आणि लगेच, "पण तुम्हा पोरांना सोडून जाणं जिवावर आलंय, ते राहिलं. तेही लिही."

लिहिलं. त्यापुढे माझी बाजू काही लिहवेना.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे कुरकुर न करोत, साताऱ्याची हवा मानवो. खुशाल जा. इथे दारात उभं राहून बघणारी आता मी आहे. अधूनमधून फोन करून विचारत जा, जेवलीस का गं?