मौनीबुवांनी लॉक गिळलं

त्या गॅरेजवाल्याला सगळे मौनीबुवा म्हणत, आणि नुसतं नाव ऐकून कुणी भेटायला आला तर त्याची चांगलीच फसगत होई. बुवा बोलायला लागले की समोरच्याचा चहा निवायचा, मग गाडी निवायची, मग समोरचा स्वतः. पण एकदा का इंजिनाचं वरचं झाकण उघडलं की बुवांचं तोंड बंद. यात तपश्चर्या वगैरे काही नव्हती. इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. प्रत्येकाला वर ओढून धरायला एक स्प्रिंग, स्प्रिंगवर टोपी, आणि ती टोपी निसटू नये म्हणून करंगळीच्या नखाएवढी दोन लॉकं. हात तेलकट, लॉकं बुळबुळीत, एकदा का खाली पडली की बसा शोधत. म्हणून शिंपी टाचण्या ओठांत धरतो तशी बुवा ती लॉकं गालात धरत. बायकोनं वाटी देऊन पाहिली, डबी देऊन पाहिली. बुवा म्हणाले, "वाटी लवंडते. माझं तोंड कधी लवंडलंय का?"

या सवयीचा खरा फायदा सासूबाईंना होता. त्या लेकीकडेच राहत, आणि जावयाविषयी जे काही साठलेलं असे ते झाकण उघडेपर्यंत राखून ठेवत. मग जुन्या टायरवर उशी टाकून बसत आणि मनसोक्त तोंडसुख घेत.

"जावईबापू, पांढऱ्या टॉवेलला ग्रीस कुणी पुसलं?"

"म्म्म्."

"मला वाटलंच."

गाडी मात्र बुवांची नव्हती, बायकोची होती. डोंगरावरच्या रस्त्याची वर्षातून एकदा शर्यत लागे, एकेक गाडी सोडून वेळ मोजत, आणि ती त्यात उतरत असे. दरवर्षी ती दुसरी येई. दुसरं येण्यासारखा दुसरा अपमान नाही, असं तिचं मत होतं. तिसऱ्याला निदान आनंद तरी होतो. दोष तिचा नव्हता. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांच्या पुढे गेला की जुन्या स्प्रिंगा दमत, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नसत, आणि ऐन शेवटच्या चढावर इंजिन बोबडं बोलू लागे. चष्म्याचा दुकानदार नेमका तिथेच वेळेत तिच्या पुढे जाई. यंदा बुवांनी कडक स्प्रिंगा, हलक्या टोप्या आणि त्यांच्या मापाची नवी लॉकं मागवली होती. पार्सल आलं ते शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी.

इंजिनाचं डोकं न उतरवता स्प्रिंगा बदलायची बुवांची एक युक्ती होती. प्लगच्या भोकातून आत दोरी सोडायची आणि इंजिन हातानं फिरवायचं. पिस्टन वर येताना दोरीचा बोळा व्हॉल्व्हला खालून टेकू देतो, आणि स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. दोरी मऊ लागते, लांब लागते, आणि तशी दोरी घरात एकच होती. सासूबाई गॅरेजात आल्या तेव्हा त्यांचे ओले कपडे खुर्च्यांवर, दारांवर आणि शिडीवर लोंबत होते, त्यामुळे त्या दिवशी त्यांना विषय शोधावा लागला नाही.

दोरीवरून त्या टॉवेलावर आल्या, टॉवेलावरून घोरण्यावर, घोरण्यावरून लग्नात घातलेल्या बुटांवर. बुवा मुकाट्यानं एकेक स्प्रिंग दाबत, टोपी बसवत, गालातून लॉक काढत पुढे सरकत होते. शेवटचा व्हॉल्व्ह आला. एक लॉक बसलं, एक गालात राहिलं. तेवढ्यात सासूबाई गप्प झाल्या. असं कधी झालं नव्हतं, म्हणून बुवांनी मान वर केली.

"पण एक सांगते, जावईबापू," त्या कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरीनं गाडी पळवायची म्हटल्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं. तुम्ही तेवढे तिच्या गाडीखाली आडवे झालात. तुमच्यापेक्षा चांगला नवरा तिला मिळाला नसता."

बुवांनी "काय?" म्हणायला श्वास घेतला, आणि लॉक गेलं.

"गेलं," बुवा म्हणाले.

"कुठं?"

बुवांनी पोटावर हात ठेवला.

मग एकच धांदल उडाली. बायकोनं त्यांना ओणवं केलं, सासूबाईंनी पाठीत गुद्दे घातले, आणि त्या गुद्द्यांमागे बऱ्याच वर्षांची तयारी दिसत होती. डॉक्टरांना फोन लावला.

"वस्तू गुळगुळीत आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर, पॉलिश अव्वल आहे," बुवा दुखावून म्हणाले.

"मग येईल आपोआप. दोन दिवस थांबा."

"उद्या सकाळी शर्यत आहे हो!"

"तुम्ही धावणार आहात का? मग हरकत नाही."

जादा लॉक नव्हतं, आणि जुनं नव्या टोपीत बसेना. शेवटी त्या एका व्हॉल्व्हला जुनी स्प्रिंग, जुनी टोपी, जुनी लॉकं असा सगळा म्हातारा संसार परत मांडावा लागला.

"काटा सहाच्या पुढे नेऊ नकोस," बुवांनी बायकोला बजावलं. "आधी सगळे व्हॉल्व्ह मिळून अडखळायचे, म्हणून इंजिन आपणच मंदावायचं. आता बाकीचे ओढत राहतील. हा एकटा मागे राहिला, तर पिस्टन त्याच्यावर आपटेल आणि इंजिनाचा चुराडा होईल."

सासूबाई टायरवर मान खाली घालून बसल्या होत्या. "इतकी वर्षं वाईट बोलले, कुणाचं काही बिघडलं नाही," त्या म्हणाल्या. "एक चांगला शब्द काढला आणि हे. आता नाही हो बोलणार." बुवांना फार वाईट वाटलं. लॉकाचं नव्हे, या बोलण्याचं.

दुसऱ्या दिवशी बुवा डोंगरावर, शर्यत संपते त्या रेषेपाशी कान टवकारून उभे होते. शेवटचा चढ आला. इंजिनाचा आवाज चढत चढत सहापर्यंत आला आणि तिथेच थांबला. चष्मेवाला आधीच वर येऊन गेला होता, आणि त्याची वेळ केसभरानं सरस ठरली.

बायको हेल्मेट काढत खाली उतरली.

"थोडं आणखी दाबलं असतं तर पहिली होतीस," बुवा म्हणाले. त्यांना राहवलंच नाही.

"दाबणारच होते. तुझं कधी ऐकलंय मी?" तिनं लांबून येणाऱ्या आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण इंजिन फुटलं असतं, तर आईनं जन्मात पुन्हा कुणाला चांगलं म्हटलं नसतं रे."

तोंड रिकामं असूनही बुवा "म्म्म्" एवढंच म्हणाले, आणि त्यांनी तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं. तेवढ्यात सासूबाई गर्दी सारत येऊन पोहोचल्या.

"दुसरी?" त्यांनी लेकीला विचारलं.

"हो, आई."

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "अगं, या माणसानं तुझ्यासाठी लोखंड गिळलं, आणि तुला साधा पाय दाबता येत नाही?"