भाऊजींचा इंद्र

जगात रागावण्यासारखं इतकं असताना आपण सारे पोटभर जेवून गाढ झोपतो, याचाच राग येणारा माणूस मी एक पाहिला. तो म्हणजे आमचे भाऊजी. पुण्याच्या एका फिल्म कंपनीत चार वर्षं पडदे ओढून ते वाशीमकडच्या मालेगावला परतले, ते हाताने फिरवायचा कॅमेरा आणि दुप्पट संताप घेऊन. फिल्म धुण्याच्या औषधांसाठी त्यांनी माझ्या बहिणीच्या, अक्काच्या, लोणच्याच्या बरण्या पळवल्या, म्हणून त्या वर्षी घरात लोणचं नव्हतं. अक्का चुलीपाशी त्यांना फैलावर घेई, तेव्हा म्हणत, "हेच बाहेर उन्हात येऊन बोल ना! इथं अंधारात फिल्मवर राग साफ येत नाही." माझ्या लग्नाच्या वरातीत गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बाया सकाळपासून उपाशी आहेत हे कळलं, तर त्यांनी चक्क माझ्या घोडीचा लगाम धरला. "दिवेवाल्या जेवतीन, मंगच नवरदेव जाईन!" तासभर मी घोडीवर, मुंडावळ्या सावरत, आणि सासरची माणसं रागाने लाल.

अशा माणसाला देवादिकांचा मूकपट काढायचा होता. आमच्या भागातल्या एका देशमुखांनी वाडा दिला, दागिने दिले. अट एकच, इंद्र ते स्वतः होणार. इंद्राचा मेणा उचलायला माणसं आली ती नेहमीसारखी वेठीची, पदरची भाकर खाऊन राबणारी. त्यांत सदा नावाचा पोरगा तापाने फणफणलेला होता. मेणा टेकला, सदा पाणी प्यायला बसला, आणि इंद्राने मुकुटासकट उतरून त्याला लाथ घातली. भाऊजींनी कॅमेऱ्याचा दांडा फिरवणं थांबवलं नाही. आठवड्याभरात सदा गेला. त्याचं कुणाला काय? देशमुखांकडे त्या दिवशी पुरणपोळी होती!

दिवाळीनंतर बाजाराच्या मैदानात तंबू लागला. आसेगाव-जऊळक्यापासून गाड्या आल्या. देशमुख पुढच्या खुर्चीत. इंद्राच्या मिशा पाहून लोक पोट धरधरून हसत होते, तोच पडद्यावर ती लाथ आली. हसणं जागीच विझलं. बायकांमधून एक म्हातारी उठली, पडद्यापाशी गेली आणि त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हा माहा सदा व्हय."

"बंद कर!" देशमुख ओरडले.

भाऊजी यंत्र फिरवतच राहिले. "तुमी तं अमृत पेलेले इंद्र. तुमाले कायचं भेव?"

मग देशमुखांच्या माणसांनी तंबू फाडला, यंत्र फोडलं; फिल्म पेटवली, ती कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखी भडकली. आणि दुसऱ्या दिवशी वाशीमचे एक शिकलेसवरले वकीलसाहेब समजूत घालायला आले! तंबू फाडणाऱ्यांची नव्हे, भाऊजींची. "करमणुकीत हे कशाला आणता?" आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं.

भाऊजी म्हणाले, "लोकं हसाले आले म्हनूनच तं त्यायनं पाह्यलं. मी सभा भरवली असती, तं तुमी तरी आले असते का?"

वकीलसाहेब चहा न घेता गेले. पुढच्या जत्रेला देशमुखांचा मेणा उचलायला एकही माणूस आला नाही. देशमुख बैलांच्या खाचरातून धक्के खात गेले. भाऊजी त्या दिवशी मनापासून हसले. पण दुसरा पट काही त्यांच्या हातून झाला नाही.

सदाची म्हातारी मात्र बाजाराच्या दिवशी ओसरीवर येऊन बसायची. तिला लाथेचं, देशमुखाचं काही विचारायचं नसायचं. म्हणायची, "बाबू, एकडाव माह्या सदाले पुन्हा दाखव ना गा. पानी पेताना." साऱ्या जगावर ओरडणारे आमचे भाऊजी तिच्यापुढे खाली बसत आणि तिचा हात हातात घेत.