दिवसाआडची दाढी

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत अण्णांचे गुडघे बोलू लागत. इमारतीला लिफ्ट होती, पण चालू असण्यापेक्षा ती बंदच जास्त. जिन्याच्या वळणावर अण्णा वस्तऱ्याची पिशवी खाली ठेवत, धाप ओसरली की उचलत आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिवी हासडत. कुणी सांगितली होती जीभ चालवायला?

घोटाळा एका वाक्याचा होता. कोपऱ्यावरच्या त्यांच्या सलूनमध्ये दिवसाआड दाढीला येणाऱ्या टायपिस्टांना अर्धांगवायू झाला, तेव्हा अण्णा त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी भेटायला गेले. वाढलेले पांढरे खुंट बघून त्यांचा हात शिवशिवला. दाढी उरकल्यावर ते बोलून गेले, "तुम्ही उठून दुकानात येईपर्यंत मीच येत जाईन, साहेब."

टायपिस्ट उठलेच नाहीत.

त्यांचा डावा गाल ओघळला होता. कातडीला ताण नसला की वस्तरा सरकत नाही, रुततो. म्हणून अण्णा हात स्वच्छ धुऊन अंगठा त्यांच्या तोंडात घालत, गाल आतून ताणून धरत आणि दुसऱ्या हाताने वस्तरा फिरवत. दात मिटले तर अंगठा जायचा, वस्तरा हलला तर गाल. दोघंही श्वास रोखून असत. टायपिस्टांच्या सूनबाईंनी मोबदल्याचा विषय काढला की अण्णा चहा मागत.

आजारानंतर टायपिस्टांकडे एकच शब्द उरला होता, 'नको'. "माझं लग्न झाल्यापासून मी तेवढाच ऐकतेय," सूनबाई म्हणायच्या. मुलाने दाढीचं मशीन आणलं, तर नको. दुसरा कारागीर बोलावला, तर त्यांनी जबडा असा आवळला की तो बिचारा अर्धाच गाल करून पळाला. अण्णा आले की मात्र तोंड आपोआप उघडायचं.

"बाबा, डॉक्टर जिने चढू नका म्हणाले ना?" अण्णांची मुलगी फोनवर कडाडली. ती दुसऱ्या गावी राहायची. "इथे तळमजल्यावर खोली आहे. जावई बाहेर खुर्ची मांडून देतायत. बसल्या बसल्या केस कापा."

"येतो गं. जरा यांचं मार्गी लागू दे."

"त्यांचं काय मार्गी लागणार? उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर तुम्हाला कोण उचलणारे, टायपिस्ट? हे बघा, महिनाअखेरीपर्यंत आला नाहीत तर त्या खोलीत सासूबाई येतायत. मग मला बोल लावू नका."

एकदा जिन्यातच त्यांच्या मनात आलं, हा माणूस सुटला तर आपणही सुटू. त्या दिवशी त्यांनी दाढी जरा जास्तच निगुतीने केली.

मग त्यांनी सूनबाईंना शिकवायचं ठरवलं. शिकायला गाल हवा, तर स्वतःचाच दिला. दुपारी टायपिस्टांचा डोळा लागला की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर अण्णा साबण फासून बसत.

"मामा, हात थरथरतोय हो माझा."

"थरथरू दे. मनगट सैल सोडा. भाजी चिरताय असं समजू नका म्हणजे झालं."

दोन-चार ठिकाणी भाजी चिरली गेलीच. अण्णा तुरटी फिरवून दुकानात परतत. "काय अण्णा, मांजर पाळलंत की काय?" गिऱ्हाईक विचारी. "वस्तरा नवीन आहे," अण्णा सांगत.

सूनबाईंचा हात बसला. पण त्या वस्तरा घेऊन पलंगाजवळ गेल्या की टायपिस्टांचे ओठ शिवल्यासारखे मिटत. "नको." महिना संपत आला होता.

शेवटी अण्णा पलंगाच्या कडेला बसले. साबणाचा फेस गालावर लावून झाला होता, सूनबाई वस्तरा घेऊन शेजारी उभ्या होत्या. "साहेब, स्पष्ट बोलतो. माझे गुडघे गेलेत. मुलीकडे खोली आहे, या महिन्यानंतर ती मिळायची नाही. पण तुम्ही सूनबाईंना हात लावू दिला नाहीत तर माझा पाय इथून निघणार नाही. तुम्हालाही ते ठाऊक आहे."

 टायपिस्टांनी धड असलेला उजवा हात उचलला, अंगठा स्वतःच्या तोंडात घातला आणि ओघळलेला गाल आतून ताणून धरला. अगदी हवा तसा. नजर सुनेकडे वळवली.

अण्णा उभे राहिले. "म्हणजे हे तुम्हाला पहिल्यापासून जमत होतं?"



"जमेल नाहीतर काय," सूनबाई हळूच म्हणाल्या. "याच हाताने कप भिरकावतात."

चढलेला एकेक जिना अण्णांच्या डोक्यात गेला. त्यांनी पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेले. तिथून वळून पाहिलं. अंगठा तिथेच होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आणि फेस मानेवर ओघळत होता, पण गाल सुटला नव्हता. आता सोडला तर अण्णा थांबतील, हे त्या माणसाला कळत होतं. या खोलीत अण्णांशिवाय बाहेरचं कुणी येत नसे.

"सूनबाई, बघताय काय? साबण वाळतोय," अण्णा म्हणाले. "कानाजवळून सुरू करा."

ते खुर्चीत बसले. त्या घरात ते पहिल्यांदाच दाढी होताना नुसते बघत होते. हनुवटीखाली एक जागा राहिली, ती त्यांनी दाखवली नाही.

निघताना सूनबाई दारापर्यंत आल्या. "मामा, ह्यांना सांगू का? अंगठ्याचं?"

"नवऱ्याला? कशाला?" अण्णांनी कठड्यावर हात ठेवला. "मामांनी शिकवलं, म्हाताऱ्याने करू दिली, एवढंच सांगा."